नवा दहा मीटर आणि सीबी रेडिओ: ठेवायचा की परत करायचा, तपासायचं कसं?

औसेकर_28
नमस्कार मंडळी. दहा मीटरचा (28 मेगाहर्ट्झच्या हॅम, म्हणजे हौशी बिनतारी पट्ट्याचा) गाडीत बसवायचा नवा रेडिओ घेतलाय, 27 मेगाहर्ट्झचे सीबी (सिटिझन्स बँड) चॅनलही आहेत त्यात. पेटीवर एएम 10 वॉट, एसएसबी (सिंगल साइडबँड, आवाज पाठवायची दुसरी पद्धत) 25 वॉट छापलंय. हॅम लायसन्स आहे. गच्चीवर इन्व्हर्टेड व्ही (उलट्या व्हीसारखी तारेची अँटेना), 20 मीटर आरजी-58 केबल, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती लाट परत येते त्याचं माप, 1 म्हणजे उत्तम) 1.3. सप्लाय 12 व्होल्टचा एसएमपीएस (स्विचिंग सप्लाय). औशाहून लातूरला 28.400 मेगाहर्ट्झवर एसएसबी बोललं की समोरचा म्हणतो आवाज फाटतोय. इकडे एस-मीटर (सिग्नलची ताकद दाखवणारा) रिकाम्या बँडवरही 6 वरून हलत नाही. परत करायची मुदत आठवड्याची आहे. काय काय तपासू?

धाराशिव_डमीलोड
आधी अँटेना काढा आणि डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रेझिस्टर) लावा. नाहीतर रेडिओचा दोष कुठला, सप्लायचा कुठला आणि तारेचा कुठला, हे जन्मात कळायचं नाही.

लोड घरी होतो. 1 किलोओहम, 2 वॉटचे 20 कार्बन फिल्म रेझिस्टर समांतर जोडले की 50 ओहम, 40 वॉट. वायरवाउंड घेऊ नका, आत गुंडाळीच असते आणि 28 मेगाहर्ट्झला तो लोड राहत नाही. पाय होतील तितके आखूड ठेवा.

लोडच्या गरम टोकाला 1एन4148 डायोड, त्यापुढे जमिनीला 0.01 मायक्रोफॅरड, आणि मल्टिमीटर डीसीवर. जे व्होल्ट येतील त्यात 0.6 मिळवा, वर्ग करा, 100 ने भागा. एएमवर 10 वॉट असतील तर साधारण 31 व्होल्ट दिसायला हवेत. मोजताना माईकमध्ये शब्द काढू नका. पूर्ण मॉड्युलेशनला शिखर व्होल्टेज दुप्पट होतं आणि डायोड जातो.

आता तुमची खरी गोची. रेडिओची पॉवर 13.8 व्होल्टवर सांगितलेली असते. 12 वर तीच ढोबळमानाने पाऊणपट होते. त्यात सप्लायची वायर 1.5 चौरस मिमी असेल, तर 3 मीटर जाऊन 3 मीटर परत येताना 6 अँपिअरला आणखी 0.4 व्होल्ट पडतात. मग एसएसबीत शब्दाचं टोक फायनल (पॉवर देणाऱ्या शेवटच्या) ट्रान्झिस्टरला झेपत नाही, छाटलं जातं. तोच फाटका आवाज. पीटीटी (माईकवरचं बोलायचं बटण) दाबून, बोलताना, रेडिओच्या प्लगवरच व्होल्टेज बघा. सप्लायवर बघून उपयोग नाही.

नांदेड_बीकन
रिसीव्हरचं मी सांगतो. एस-मीटरवर विश्वास ठेवू नका. नियमाने एचएफवर एस9 म्हणजे 50 मायक्रोव्होल्ट आणि खाली एकेक एस 6 डीबीचा (डेसिबल). या वर्गातल्या रेडिओंचे मीटर ते क्वचितच पाळतात.

रेडिओ बॅटरीवर घ्या आणि घरची मेन एमसीबी पाडा. खरखर खाली आली तर दोषी घरातच आहे: एसएमपीएस, एलईडी दिवे, सोलर इन्व्हर्टर. मग अँटेना काढून डमी लावा. अँटेना लावल्यावर आवाज ठळक वाढत असेल तर संवेदनशीलता पुरेशी आहे, त्याहून जास्त असून फायदा नाही, बाहेरचाच गोंगाट वरचढ ठरतो.

दिवसा यूएसबीवर (एसएसबीचा वरचा साइडबँड) 28.1992 मेगाहर्ट्झ लावा. 28.200 वर जगभरातले 18 बीकन (आपोआप सिग्नल पाठवणारी केंद्रं) पाळीपाळीने 10-10 सेकंद येतात, 3 मिनिटांत फेरी पूर्ण. कॉलसाइन (केंद्राची ओळख, मोर्समध्ये) 100 वॉटवर, पुढे एकेक सेकंदाचे चार डॅश: 100, 10, 1 आणि 0.1 वॉट. कितवा डॅश ऐकू येतो ते लिहून ठेवा. दुसरा रेडिओ त्याच अँटेनावर स्विचने आलटून पालटून लावला की तुलना होते, पण चार-पाच फेऱ्या तरी घ्या, फेडिंग (सिग्नल कमीजास्त होणं) फार असतं. टोन 800 हर्ट्झच्या आसपास हवा. 500 किंवा 1100 आला तर डायल 300 हर्ट्झने चुकतेय. रेडिओ गार असताना आणि तासभर तापल्यावर असं दोनदा बघा. मे महिन्यात पत्र्याखाली ठेवणार असाल तर तापल्यावरचा आकडाच कामाचा.

काळी_माती
दोन गोष्टी राहिल्या. लातूरवाल्याची अँटेना उभी असेल आणि तुमची आडवी, तर एवढ्या अंतरावर 20 डीबीपर्यंत मार बसतो. रेडिओला बोल लावण्याआधी ते विचारा.

आणि 1.3 वर खूश होऊ नका. 20 मीटर आरजी-58 28 मेगाहर्ट्झला पावणेदोन डीबीच्या आसपास खाते. 10 वॉटमधले तीनेक केबलमध्येच जातात, आणि परत येणारी लाटही तीच केबल खाते म्हणून खाली मीटरला एसडब्ल्यूआर चांगला दिसतो. फीडपॉईंटला (केबल अँटेनाला जोडते तिथे) तो दीडच्या जवळ असेल. दीड चालतो, पण केबल जाड आरजी-213 करा.

27 मेगाहर्ट्झच्या सीबीवर मात्र डमीवर मोजा आणि नुसतं ऐका. लायसन्सविना मोकळीक 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झ आणि 5 वॉटपुरतीच, म्हणजे चॅनल 1 ते 27. चॅनल 28 चं 27.285 बाहेर पडतं. हॅम लायसन्सने तो पट्टा खुला होत नाही.

औसेकर_28
बोलताना प्लगवर 11.2. एमसीबी पाडल्यावर मीटर 6 वरून 2. लातूरला ग्राउंड प्लेन आहे, उभी.

धाराशिव_डमीलोड
मग मुदत संपायच्या आत 4 चौरस मिमी वायर टाका, 13.8 चा सप्लाय लावा, माईक गेन निम्म्यावर आणा, रॉजर बीप (बोलणं संपल्याचा सूर) आणि इको बंद करा. डमीवर 31 व्होल्ट नाही आले तरच परत पाठवा. आणि वळवाचे ढग दिसले की केबल काढून घराबाहेर टाका.