सोलापुरात राहून वेगवेगळ्या धर्मांचं गाणं-नाचणं बघायचंय, सुरुवात कुठून करू?

जुळेसोलापूरकर
नमस्कार मंडळी. लेक १३ वर्षांची आहे, पाच वर्षं भरतनाट्यम शिकतेय. आषाढीला तिला घेऊन वाखरीजवळ बाजीराव विहिरीचं रिंगण बघायला गेले होते. परतताना गाडीत म्हणाली, "आई, माउलींपुढे सत्तरीचे आजोबासुद्धा उड्या मारतात. चर्चमध्ये सगळे उभं राहून गातात. आणि शेजारच्या चाचींच्या मशिदीत तर वाद्यच नाही. मग देवाला नेमकं आवडतं काय?" मी म्हटलं घरी जाऊन सांगते. अजून सांगितलेलं नाही.

तर ठरवलंय, वर्षभर जमेल तसं प्रत्यक्ष जाऊन बघायचं. मोबाइलवर नको. सकाळी निघून रात्री घरी येता आलं पाहिजे. कीर्तन आणि गणपतीतली लेझीम तिला पाठ आहे. आणि कृपा करून गॅदरिंग छाप काही सुचवू नका: तीन मिनिटं भांगडा, तीन मिनिटं गरबा, तीन मिनिटं लावणी, शेवटी सगळ्यांनी मिळून झेंडा.

सांबा_हलगी
गॅदरिंगचं खरंय ताई, त्यात हलगी पेनड्राइव्हमधून वाजते.

लेकीला एका वाद्यामागं सोडा, नाच आपोआप दिसतील. आपल्याकडं ते वाद्य म्हणजे हलगी. मराठीत हलगी, कन्नडमध्ये हलगे, तेलुगूत डप्पू. कडं तेच, कातडं तेच. सिद्धेश्वराच्या यात्रेत मिरवतात त्या उंच काठ्यांपुढं, नंदीध्वजांपुढं तीच, पोतराजाच्या अंगणात तीच, तालमीच्या मिरवणुकीत तीच. डिसेंबरात नंदीध्वजाचा सराव सुरू होतो तेव्हा या, यात्रेच्या गर्दीत काही कळत नाही. वाजवायच्या आधी पोरं रद्दीचा कागद पेटवतात आणि कातडं त्या जाळावर धरून फिरवतात. मधेच बोटानं टिचकी मारून बघायची. आधी "बद्द" येतो, मग एकदम "टण्ण". त्या टण्णला लेक जवळ पाहिजे. थंडीत कातडं सैल पडतं, दर थोड्या वेळानं परत शेकायला लागतं. मी स्वतः नववीत असताना घाईत जास्त शेकून एक हलगी फाडलीय. वडिलांनी आठवडाभर हात लावू दिला नाही.

तिकीट_काढा
लावणी सोडू नका. शाहीर राम जोशी आपल्या सोलापूरचा. पुराण-कीर्तनाच्या घरातला माणूस तमाशाच्या फडात गेला, लावण्या लिहिल्या आणि पुढं कीर्तनंही केली. एकाच गळ्यातून दोन्ही. तेराव्या वर्षी फडावर नेऊ नका, पण बैठकीची लावणी जिथं कुठं मिळेल तिथं दाखवा. भरतनाट्यमवाल्या मुलीला बसल्या जागी केलेली अदा लगेच कळते.

पूर्वभागची_अक्का
ताई, लांब कशाला जाता, नवरात्रात पूर्व भागात या. आमची बतुकम्मा, म्हणजे तेलुगू बायकांचा फुलांचा सण, भाद्रपद अमावास्येला बसते, नऊ दिवस असते. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा सासूबाईंनी पहिलं काम दिलं ते फुलं निवडायचं. तंगेडू म्हणजे तुमचा तरवड, गुनुगू म्हणजे कुर्डू, आणि झेंडू. ताटात गोल थरावर थर रचत वर निमुळतं न्यायचं. कुर्डूचे तुरे पांढरे असतात, ते रंगात बुडवून वाळवतात, म्हणून हात दोन दिवस जांभळे. शेवटी वर हळदीची गौरम्मा.

मग ते मधे ठेवायचं आणि भोवती बायकांनी फिरायचं. वाकायचं, टाळी, एक पाऊल, परत वाकायचं. एकजण ओळ सांगते, बाकीच्या शेवटी "उय्यालो" म्हणतात. उय्याला म्हणजे पाळणा, झोका. गाण्यात देवी असते तशी माहेरची आठवणही असते, सासरची गाऱ्हाणी असतात. ऐकून तुम्हाला भोंडला आठवणार. मधला पाटावरचा हत्ती काढा आणि फुलांचा डोंगर ठेवा, तोच काळ, तोच फेर. पण आमच्याकडे खिरापत ओळखायचा खेळ नाही हो, प्रसाद सरळ हातावर. पायात सोपं आहे, कुणीही शिरतं. फक्त शूटिंग करत उभ्या राहू नका. गेल्या खेपेला एक बाई फेराच्या मधे फोन घेऊन घुसल्या, सगळ्यांचा ताल गेला.

बेगमपेठेतला
लेकीच्या प्रश्नातला मशिदीचा भाग माझ्याकडे.

मशिदीत सूर नाही असं नाही. अजान सुरातच असते. कुराण म्हणायचं तर कुठला स्वर किती ओढायचा, कुठे थांबायचं, याचं तजवीद नावाचं अख्खं शास्त्र आहे. मी लहानपणी एका चुकीच्या लांबणीसाठी तीच ओळ वीसेक वेळा म्हटली आहे. पण त्याला आमच्यात गाणं म्हणत नाहीत. तुम्ही चाचींना "काय छान गातात" म्हणालात तर त्या हसतील, पण अवघडतील. नात, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचं पद, तीही बहुतेक बिनवाद्याचीच. वाद्य आलं की मतभेद आले. काहींना ते अजिबात चालत नाही. चिश्ती या सूफी परंपरेत मात्र समा म्हणजे ऐकणं हीच साधना, आणि कव्वाली त्यातूनच आली. तिथे नाचायला उठायचं नसतं. कुणाला हाल आला, भान सुटलं, तर बाकीचे त्याला सांभाळतात आणि कव्वाल तीच ओळ धरून ठेवतो. म्हणजे लेकीला सांगा, एकाच धर्मात तीन उत्तरं आहेत.

बघायला कलबुर्गी. तिथे सूफी संत ख्वाजा बंदानवाज यांचा दर्गा, निधन १४२२चं. सोलापूरहून एक्स्प्रेसनं दोन तासांच्या आत. उरूस जिलकाद या मुसलमानी महिन्याच्या १५ तारखेच्या सुमारास असतो आणि आपल्या कॅलेंडरात दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, तेव्हा बघून तिकीट काढा. डोक्यावर ओढणी.

मोहरमला मात्र "डान्स बघायला" म्हणून येऊ नका. तो दुखवटा आहे. उत्तर कर्नाटकाच्या गावांत हिंदू-मुसलमान मिळून कन्नडमधून रिवायतीची, म्हणजे मोहरमची शोकाची, पदं म्हणतात, फेर धरून पावलं टाकतात. पाहण्यासारखं आहे, पण शोकाला गेल्यासारखं जायचं.

भीमाकाठ
बेगमपेठेतल्या भाऊंनी उरूस काढला म्हणून लिहितो. उरूस म्हणजे अरबीत लग्न. संत गेला तो दिवस त्याच्या आणि देवाच्या लग्नाचा. तुर्कस्तानात कोन्याला सूफी कवी रूमी १२७३ साली १७ डिसेंबरला गेला, त्या रात्रीचं तिकडचं नाव "शेब-ए-अरूस", लग्नाची रात्र. त्याच रात्री ते पांढऱ्या घेराचे दरवेशी गिरक्या घेतात. उजवा तळवा आकाशाकडे, डावा जमिनीकडे, डोक्यावर उंच टोपी. ती टोपी म्हणजे स्वतःच्या थडग्याचा दगड मानतात.

आता आपल्याकडे या. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रेत संमती कट्ट्यावर काय होतं? लग्नच. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं. सात नंदीध्वजांना बाशिंग बांधलेलं, बाराबंदीतले मानकरी, "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम" झालं की लाखभर हात अक्षता टाकतात. आम्ही लहानपणी गड्ड्यावर, म्हणजे या यात्रेच्या जत्रेत, फक्त पाळण्यात बसायला जायचो. हे लग्न आहे हे डोक्यात शिरायला मला चाळिशी उजाडली.

दुसरं, विजापूर. गोलघुमट बघून परत फिरू नका, इब्राहिम रोजाला जा. तिथे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची कबर आहे, राज्य १५८० ते १६२७. त्यानं दखनीत 'किताब-ए-नौरस' ही पदं रचली, एकेक रागाखाली. मुसलमान बादशहा, आणि पदांत सरस्वती आहे, गणपती आहे आणि कलबुर्गीचे बंदानवाजही आहेत. आपल्या तंबोऱ्याला त्यानं नाव ठेवलं होतं, मोतीखान.

तंबोऱ्यावरून मिरज. सतारमेकर गल्लीत लेकीला नेऊन भोपळा हातात द्या. हलका असतो, पत्र्याच्या डब्यासारखा. कडू भोपळा, खायचा नाही. आणि हे भोपळे येतात आपल्याच जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भीमेच्या पट्ट्यातून. माझ्या मामाच्या रानात होते. फळ बुडाला चपटं होऊ नये म्हणून खाली पेंढा सारायचा आणि अधूनमधून हळूच वळवायचं, देठाला धक्का न लावता. हे काम मामा आम्हा पोरांना कधीच देत नसे. कैराण्याचे गवई अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७ साली गेले. त्यांच्या स्मरणार्थ मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात उरुसात गवई येऊन हजेरी लावतात.

रोखठोक
सगळं एकच आहे, सगळं गोडगोड आहे असं करू नका म्हणजे झालं. पोतराज पाठीवर आसूड ओढतो त्यात पिढ्यांची गरिबी आणि जात आहे. ती "लोककला" म्हणून टाळ्या वाजवायची गोष्ट नाही. त्यावर उत्तर म्हणून जे गाणं आलं तेही दाखवा. १४ एप्रिलला भीमगीतं ऐकवा, वामनदादा कर्डकांची ऐकवा. बार्शीच्या शाहीर अमर शेखांचा पोवाडा ऐकवा. आणि बुद्धवंदना एकदा शांत बसून ऐका. पालीत, एका लयीत, वाद्य नाही, नाच नाही.

जुळेसोलापूरकर
@रोखठोक, पटलं. तिच्याशी यावर आधी बोलेन, मग नेईन. चर्चचं कुणी सांगेल का?

घंटा_वाजली
नाताळच्या आदल्या रात्री जा, कुणी अडवत नाही. पण खरं ऐकायचं तर साधा रविवार. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची (१८६१–१९१९) भक्तिगीतं अजून म्हणतात. चाल अभंगाच्या अंगाची, मागच्या बाकावर कुणीतरी झांज धरलेली. डोळे मिटले तर भजनी मंडळात बसल्यासारखं वाटतं. आमच्या आजीला इंग्रजी चालीची गाणी कधी जमली नाहीत. टिळक मात्र भाकरी थापताना म्हणायची.

सांबा_हलगी
आणि डीजेच्या भिंतीसमोर नेऊ नका. गेल्या वर्षी एका मंडळापुढं आमचा ताफा वाजवत होता, मागून त्यांचा ट्रक आला. पंधरा जणांची हलगी, एकाचीही ऐकू येईना. सुपारीचे निम्मे पैसे अजून यायचेत.

जुळेसोलापूरकर
अपडेट देते. अक्कांनी बोलावलं तसं नवरात्रात गेलो. लेक आधी कडेला उभी, हात मागे. भरतनाट्यममुळे तिला पाऊल "बरोबर" टाकायचं होतं, आणि तिथे बरोबर-चूक असं काही दिसेना. शेवटी एका आजींनी मनगट धरून आत ओढलं. पहिल्या दोन फेऱ्या टाळी चुकली, मग लागली. "उय्यालो" मात्र पहिल्या ओळीपासून सगळ्यांत मोठ्यानं.

घरी आल्यावर चाचींकडे फुलं द्यायला गेली आणि त्यांना पाऊल करून दाखवलं. चाचींनी पदर खोचून दोन फेऱ्या मारल्या, म्हणाल्या आमच्या लग्नात ढोलकवर बायका अशाच फिरायच्या. तिसऱ्या फेरीला गुडघा धरून खाली बसल्या.

मूळ प्रश्न लेक अजून विसरलेली नाही. सांबाभाऊ, सराव कुठल्या गल्लीत आणि किती वाजता ते खाजगी निरोपात कळवा. कागदाची रद्दी आम्ही आणतो.