मदत हवी आहे: कर्मचारी नुकसानभरपाईचं काम नीट शिकायचंय, पॉवर प्रेसवर बोटं गेल्याचं प्रकरण हातात आहे

सनद_२०२१
नमस्कार मंडळी. आतापर्यंत मोटार अपघाताचे दावे आणि थोडं दिवाणी काम केलंय. कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ खालचं काम आता पद्धतशीर शिकायचं आहे. सध्याचं प्रकरण असं:

भोसरीतलं प्रेस शॉप, कामगार पॉवर प्रेसवर ऑपरेटर. अपघात ११ ऑक्टोबर २०२४ चा. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट गेलं. पगार महिना १८,५००. जन्म मार्च १९९२. सरकारी रुग्णालयाच्या दाखल्यावर अपंगत्व ३५ टक्के. मी काढलेला आकडा: १८,५०० चे ६० टक्के म्हणजे ११,१००, गुणिले ३३ व्या वर्षाचा घटक (वयानुसार कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत दिलेला आकडा) २०१.६६, त्याचे ३५ टक्के = ७,८३,४४९ रुपये.

आकडा बरोबर आहे का? पुरावा कसा मांडावा? आणि या विषयात तयार व्हायचं तर काय वाचावं, कुठे बसावं? आपल्याकडे वकिलांना सक्तीचं प्रशिक्षण नाही, त्यामुळे सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही.

हजेरीपट
आकड्याकडे नंतर येऊ. आधी सांगा, त्या शॉपमध्ये माणसं किती? पगार २१,००० च्या आत आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तर कारखान्याला कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) कायदा लागू होतो, आणि मग त्या कायद्याचं कलम ५३ तुमचा अर्ज दारातच अडवतं, कारण विमाधारकाला १९२३ च्या कायद्याखाली भरपाई मागता येत नाही.

सनद_२०२१
सर, हजेरीपटावर सात जण. कंत्राटदाराची चार मुलं पॅकिंगला असतात, ती वेगळी. ईएसआयचा नंबर कुणालाच नाही, कपातही नाही. म्हणजे तो प्रश्न येत नाही ना?

हजेरीपट
येतो, आणि मोटार अपघाताकडून येणारे वकील बहुतेक इथेच घसरतात.

कारखान्याच्या व्याख्येत मागच्या बारा महिन्यांतल्या कोणत्याही एका दिवशी दहा माणसं कामावर असली तरी पुरे, आणि त्यात कंत्राटदाराची माणसंही मोजली जातात. सात अधिक चार, झाले अकरा. विमाधारक कोण? ज्याची वर्गणी भरली तो, आणि ज्याची भरायला हवी होती तोही. मालकाने नोंदणीच केली नाही म्हणून कामगार योजनेबाहेर जात नाही. यावर सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल पाठच करा: ए. ट्रेहान (१९९६) आणि भरगथ इंजिनिअरिंग (२००३).

मग करायचं काय? कंत्राटी मुलं नेमकी केव्हापासून होती, गेटवर नोंद आहे का, त्यांचे पैसे बँकेत यायचे की हातात, हे आधी लिहून काढा. दहाचा आकडा पक्का असेल तर ईएसआय महामंडळाच्या शाखा कार्यालयात अपघाताचा तपशील आणि नोकरीचा पुरावा देऊन कायम अपंगत्व लाभाची मागणी करा. कमाईक्षमता किती घटली ते तिथे वैद्यकीय मंडळ ठरवतं. मान्य नसेल तर पुढे वैद्यकीय अपील न्यायाधिकरण किंवा ईएसआय न्यायालय. वर्गणी बुडवली असली तरी कलम ६८ खाली महामंडळ लाभ देऊन मालकाकडून वसूल करू शकतं. हा लाभ पक्षकारासाठी नेहमीच तोट्याचा असतो असंही नाही. सरासरी वेतनाच्या ९० टक्के दराने २० टक्के हानी धरली तर ढोबळमानाने महिना ३,३३० रुपये, तेही आयुष्यभर. १९२३ च्या कायद्याखालच्या एकरकमी साडेतीन-पावणेचार लाखांशी (हिशेब खाली देतो) याची तुलना पक्षकारासमोर कागदावर मांडा आणि मगच पुढे चला.

आकडा डळमळीत असेल, म्हणजे कंत्राटी मुलं अधूनमधून येणारी असतील, तर १९२३ च्या कायद्याखालचा अर्ज दोन वर्षांच्या आत टाकून ठेवा. कलम १० ची मुदत ऑक्टोबर २०२६ मध्ये संपते. पुरेसं कारण असेल तर उशीर माफ होतो, पण मुदतीत टाकता येणारा अर्ज माफीच्या भरवशावर ठेवू नये. माणसांच्या संख्येबद्दल अर्जात खरं तेच लिहा. सामनेवाल्याने, म्हणजे मालकाने, कैफियतीत (लेखी उत्तरात) ‘दहाच्या वर माणसं होती’ असं म्हटलं तर त्याला स्वतःची वर्गणीची कसूरच कबूल करावी लागते. म्हणून पुष्कळ मालक तो मुद्दा घेताना दहादा विचार करतात.

आता आकडा. तुमच्या हिशेबात तीन चुका आहेत.

वेतन: ३ जानेवारी २०२० पासून हिशेबासाठी वेतनाची कमाल मर्यादा १५,०००. तुमचे १८,५०० तिथेच थांबतात. ६० टक्के म्हणजे ९,०००.

वय: चौथ्या अनुसूचीत अपघाताआधीच्या वाढदिवसाला पूर्ण झालेली वर्षं धरतात, चालू वर्ष नाही. मार्च १९९२ चा जन्म, म्हणजे ३२ पूर्ण. घटक २०३.८५. वय चुकून वाढवलंत तर नुकसान तुमच्याच माणसाचं. पुराव्याला शाळा सोडल्याचा दाखला लावा, नुसत्या आधार कार्डावर विसंबू नका.

टक्केवारी: ही सगळ्यात मोठी. पहिल्या अनुसूचीत नाव असलेल्या इजेला दाखल्यावरचे ३५ टक्के चालत नाहीत, तक्त्यातली नोंद चालते. एका हाताची दोन बोटं गेली तर २० टक्के. ९,००० × २०३.८५ = १८,३४,६५०, त्याचे २० टक्के ३,६६,९३०. तुमच्या मागणीच्या निम्म्याहूनही कमी. पक्षकाराला हे पहिल्याच भेटीत सांगा, नाहीतर निकालाच्या दिवशी तो तुमच्याकडेच संशयाने बघेल.

पण दाखल्यात बोट कुठून तुटलं ते बघा. तर्जनी पूर्ण १४, दोन पेरं ११, एक पेर ९. मधलं बोट पूर्ण १२, दोन पेरं ९, एक पेर ७. म्हणजे तर्जनी पूर्ण आणि मधल्याची दोन पेरं गेली तर बेरीज २३, दोन्ही मुळापासून गेली तर नोंद २०! तक्ता तसाच आहे, हसू नका, उलट त्यावर युक्तिवाद तयार ठेवा. राहिलेलं पेर कायमचं ताठ, निकामी झालं असेल तर तेही गेल्यासारखंच धरतात. म्हणून एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्ड हवंच.

पुरशीस
हजेरीपट सरांनी बरंच सांगितलं. मी पुराव्यावर लिहिते.

पहिलं, गार्ड. या प्रकरणात मालकाकडून हमखास येणारा बचाव म्हणजे ‘कामगाराने सुरक्षा गार्ड काढलं होतं’. मृत्यू किंवा कायम पूर्ण अपंगत्व असेल तर कलम ३ च्या (मालकाच्या जबाबदारीचं कलम) परंतुकातला हा बचाव मिळतच नाही. तुमचं प्रकरण अंशतः अपंगत्वाचं, त्यामुळे इथे मिळतो. पण सुरक्षेसाठी दिलंय हे ठाऊक असूनही कामगाराने ते मुद्दाम काढलं, हे मालकाने सिद्ध करायचं. नुसता निष्काळजीपणा हा बचावच नाही.

सरतपासणीच्या (कामगाराच्या स्वतःच्या साक्षीच्या) प्रतिज्ञापत्रात प्रेसचं वर्णन नीट येऊ द्या. प्रेस दोन हातांच्या बटणावर चालायची की पायाच्या पेडलवर? पेडल कुणी बसवलं? गार्ड प्रेसला लावलेलं होतं की भिंतीला टेकवून ठेवलेलं? त्यावर धूळ होती का? डायमध्ये (साच्यात) अडकलेला जॉब (नग) काढायला चिमटा दिला होता की हातानेच काढायचा? तासाला किती नगांची सक्ती होती? दोन हातांचं बटण तारेने बांधून पेडलवर उत्पादन घेणारी शॉपं कमी नाहीत, आणि तिथे गार्ड काढायला सुपरवायझरच सांगतो. पंचनामा झाला असेल तर नक्कल लगेच काढा. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे कारखाने अधिनियमाच्या कलम ८८ खालची सूचना गेली होती का, तेही अर्ज करून विचारा. सूचना गेलीच नसेल तर उलटतपासणीत त्या मौनाचा उपयोग होतो.

दुसरं, नोकरीचा संबंध. पगार रोखीत असेल तर मालक सरळ म्हणतो, हा आमचा माणूसच नाही. हजेरीपट, पगारपत्रक आणि रुग्णालयाचं बिल कुणी भरलं याची कागदपत्रं हजर करण्याचा अर्ज पहिल्याच तारखांत द्या. रुग्णालयाच्या भरती-कागदावर ‘कुणी आणलं’ हा रकाना असतो. तिथे सुपरवायझरचं नाव सापडलं तर निम्मं काम झालं.

तिसरं, मालकाने ५०,००० देऊन मुद्रांकावर ‘पूर्ण व अंतिम’ अशी सही घेतलीय का ते विचारा. कलम २८ खाली आयुक्तांकडे (या कायद्याखालचे दावे ऐकणारे अधिकारी) नोंदवल्याशिवाय त्या कागदाला पूर्ण फेड म्हणून किंमत नाही, आणि हक्क सोडून देणारा करार कलम १७ ने रद्दच. उपचारावर केलेला खर्च भरपाईतून वजा होत नाही.

चौथं, डॉक्टर. अनुसूचीत नसलेल्या इजेत (मणका, खांद्याची हालचाल वगैरे) सगळा दावा डॉक्टरवर उभा असतो. सरकारी दाखला शारीरिक अपंगत्व सांगतो, कमाईची क्षमता किती गेली ते सांगत नाही. साक्षीत हा प्रश्न विचारायचा राहिला की अपिलात टक्केवारी कोसळते. डॉक्टरला आधी कामाचं वर्णन लेखी द्या: किती वजन उचलावं लागतं, पकड कशी लागते, किती तास उभं राहावं लागतं.

सनद_२०२१
ताई, सर, मनापासून आभार. सर्वोच्च न्यायालयाच्या प्रताप नारायण सिंग देव (१९७६) या निकालाच्या आधारे १०० टक्के मागता येतील का? आणि व्याज, दंड कुणावर?

हजेरीपट
त्या प्रकरणात सुताराचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता, सुतारकाम संपलं म्हणून १०० टक्के. तुमचा माणूस आज काय काम करतोय? दुसऱ्या शॉपमध्ये हेल्पर असेल तर १०० मागून स्वतःची विश्वासार्हता घालवू नका. त्या निकालाचा खरा उपयोग दुसरा आहे: भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते. सिबी जॉर्ज (२०१२) ने तेच पुन्हा सांगितलं. म्हणजे १२ टक्के साधं व्याज अपघातापासून, निकालापासून नाही. तुमच्या रकमेवर वर्षाला सुमारे ४४,००० रुपये. मागणीच्या परिच्छेदात तारीख घालून लिहा.

भरपाई वेळेत न दिल्याचा दंड ५० टक्क्यांपर्यंत, पण त्याआधी मालकाला कारणे दाखवा संधी द्यावीच लागते. तो टप्पा सुटला तर दंडाचा आदेश अपिलात उडतो. विमा कंपनी असेल तर पॉलिसीची पूर्ण प्रत मागवा, पहिलं पान नाही. मोटार पॉलिसीत व्याज कंपनीवर आणि दंड मालकावर (वेदप्रकाश गर्ग, १९९७). पण कारखान्याच्या पॉलिसीत कंपनी व्याज वगळू शकते (हर्षदभाई मोढिया, २००६).

लातूरकर_वकील
मध्येच विचारतो. कामावर जाताना रस्त्यात अपघात झाला तर? आणि अपघात पुण्याकडे झाला असेल तर आमच्याकडच्या पक्षकाराला पुण्यालाच जावं लागतं का?

पुरशीस
रस्त्याचं: सर्वोच्च न्यायालयाचा २९ जुलै २०२५ चा दैवशाला निकाल वाचा. आपल्या धाराशिवकडचंच (तेव्हाचं उस्मानाबाद) प्रकरण, साखर कारखान्याचा पहारेकरी पहाटेच्या पाळीला जाताना वारला. जाण्यायेण्यातला अपघातही कलम ३ मध्ये येतो, मात्र वेळ, ठिकाण आणि नोकरी यांचा धागा पुराव्याने जोडावा लागतो. पाळीचा तक्ता आणि घर ते कारखाना हा रस्ता दाखल करा.

ठिकाणाचं: कलम २१ प्रमाणे अर्जदार राहतो तिथेही अर्ज चालतो. फक्त अपघात झाला तिथल्या आयुक्तांना आणि राज्य शासनाला नोटीस जायला हवी. ती गेल्याची नोंद रोजनाम्यात आहे का ते स्वतः बघा. आणि एक, मोटार अपघात असेल तर दोन्हीकडे दावा नाही, एकच रस्ता निवडायचा.

हजेरीपट
तयारीबद्दल. विद्यापीठाची कामगार कायद्यांची पदविका (डीएलएल अँड एलडब्ल्यू) चौकट समजायला बरी, पण दावा चालवायला ती शिकवत नाही. त्यापेक्षा अधिनियम चारही अनुसूचींसह दोनदा वाचा. कामगार न्यायालयात डॉक्टरच्या उलटतपासणीच्या दिवशी मागच्या बाकावर बसा. उच्च न्यायालयाचे कलम ३० खालचे (अपिलातले) निकाल वाचताना ‘कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न’ कोणता धरला तेवढंच वेगळं टिपा. अपिलाला ६० दिवस असतात, आणि रक्कम भरल्याचा आयुक्तांचा दाखला सोबत नसेल तर मालकाचं अपील चालत नाही, हे बऱ्याच अर्जदारांच्या वकिलांच्या लक्षातच येत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू आहे (१९२३ च्या आणि ईएसआय कायद्याच्या जागी), त्यामुळे फाईलच्या पहिल्या पानावर अपघाताची तारीख मोठ्या अक्षरांत लिहा. कायदा कोणता ते तीच ठरवते. तुमचा अपघात त्याआधीचा.

सनद_२०२१
उद्या शॉपवर जाऊन कंत्राटी मुलांच्या गेटवरच्या नोंदी बघतो आणि पंचनाम्याच्या नकलेचा अर्ज टाकतो. दहाचा आकडा ठरला की इथेच लिहीन.

पुरशीस
शॉपवर तुम्ही जाऊ नका, समोरचा पक्ष आहे. त्या चार मुलांना कार्यालयात बोलवा. आणि पॅकिंगच्या मुलांसोबत टेम्पोवर कुणी असायचा का तेही विचारा, त्याला मोजायचं हमखास विसरतात.