पालक आणि शिक्षकांचे फॉर्म जुळत नाहीत, खरं कोणाचं धरायचं?

प्रश्न: चार वर्षांच्या मुलासाठी आई आणि बाई दोघींनी एसडीक्यू (मुलांच्या वागण्या-भावनांबद्दलची प्रश्नावली) भरला. आईच्या फॉर्मवर वर्तनाच्या तक्रारी १० पैकी ७, बाईंच्या फॉर्मवर १. चंचलतेचं नेमकं उलट. सरासरी काढावी का?

उत्तर १: सरासरी मुळीच नको. पालक आणि शिक्षकांच्या फॉर्मसाठी गुणांच्या सीमारेषाच वेगळ्या आहेत. शिवाय असा फरक नेहमीचाच. मानसशास्त्रज्ञ थॉमस आखेनबाक आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ११९ अभ्यास एकत्र तपासले. आई-वडिलांसारख्या एकाच भूमिकेतल्या माणसांच्या मतांचा सहसंबंध (१ म्हणजे पूर्ण मेळ, ० म्हणजे काहीच नाही) सरासरी ०.६० निघाला, पालक-शिक्षकांसारख्या वेगळ्या भूमिकांतल्यांचा फक्त ०.२८.

आई खोटं सांगत नाही आणि बाईही नाहीत. वर्गात सगळी मुलं एकदम हात धुवायला उठतात, त्यांचं बघून हेही उठतं. घरी मात्र बूट घालायला एकट्यालाच सांगतात, तेही घाईच्या वेळी. उलट गोलात पंधरा मिनिटं बसायची वेळ घरी येतच नाही, मग चंचलता दिसणार कशी? बाईंसमोर त्याच वयाची वीस मुलं असतात, तुलना आपोआप होते.

उत्तर २: दोघींनी एकाच नमुन्याचा कागद आठवडाभर भरा. तीन रकाने: आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. ‘त्रास दिला’ असं लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही. असं लिहा: ‘११.१०, खेळ आवरायला सांगितलं. ठोकळा फेकला, दोन मिनिटं रडला. ठोकळे ताईंनी उचलले.’ इथे तिसरा रकाना बोलतो. आवरणं टळलं, म्हणजे उद्याही ठोकळा उडणार. नोंद तिथल्या तिथे करा. रात्री आठवून लिहिलं की सगळ्यात मोठा तमाशा तेवढा उरतो. आणि सुरळीत पार पडलेली आवराआवरही लिहा, ती हमखास राहून जाते.

उत्तर ३: फॉर्मचा कालावधीही बघा. एसडीक्यू मागच्या सहा महिन्यांबद्दल विचारतो. बाई मुलाला महिनाभरच ओळखत असतील तर त्या गुणांवर फार विसंबू नका. एडीएचडीच्या (लक्ष न लागणं आणि अतिचंचलता) निदानासाठी डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदान-पुस्तिकेनुसार लक्षणं किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत, पण एकाच ठिकाणी दिसणारा त्रासही खराच असतो, मदत तिथे द्यायची. दोन्हीकडे ‘ऐकत नाही’ असेल तर आधी कानांची तपासणी करून घ्या.