मे महिन्यात दोघांनीच जायचंय, खर्चाची तयारी आहे, पण कुठं?

हळदकुंकू (सांगली)

नमस्कार. येत्या २८ मेला आमच्या लग्नाला बरीच वर्षं पूर्ण होतील. लग्न १९९८ चं. तेव्हा महाबळेश्वरला दोन रात्री राहिलो आणि तिसऱ्या दिवशी सकाळी परत आलो, कारण हळदीचे सौदे चालू होते आणि सासरे दुकानात एकटे होते. त्यानंतर आम्ही दोघंच असे कुठंही गेलो नाही. देवदर्शन झालं, लग्नकार्यं झाली, मुलीच्या कॉलेजसाठी पुण्याच्या फेऱ्या झाल्या. एकदा मोठ्या सहलीचं ठरत आलं होतं, ते २०१९ साल. दिवाळीनंतर जायचं होतं. ऑगस्टमध्ये पूर आला, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं आणि गावभागातल्या आमच्या जुन्या गोदामात राजापुरी हळदीची पोती भिजली. सहलीचे पैसे तिकडं गेले. त्याचं मला दुःख नाही, दुकान उभं राहिलं.

आता पैसे माझे आहेत. घरी शिवणक्लास घेते. त्यातून पोस्टात महिना ७,००० रुपयांची आरडी पाच वर्षं भरली. ती नुकतीच पूर्ण झाली, हातात पाच लाखांना थोडे कमी आलेत. हे सगळे मी या सहलीवर घालणार आहे. मुलीला सांगितलंय, यांना अजून सांगितलं नाही.

आमच्याविषयी सांगते, म्हणजे सुचवायला सोपं जाईल. हे ५६ वर्षांचे, बीपीची गोळी चालू आहे, बाकी तब्येत खणखणीत. रोज पहाटे सरकारी घाटावर पोहायला जातात, पोहत सांगलवाडीच्या काठाला हात लावून परत येतात. पाणी दिसलं की हा माणूस वेगळाच होतो. डोंगर, किल्ला, बाग बघायला नेलं की दहा मिनिटांत फोन काढून भाव बघायला लागतात. मी ५१ ची. मला पोहता येत नाही, गुडघा थोडा कुरकुरतो आणि सांगलीतलं मेचं ऊन आता अजिबात सोसत नाही. आम्ही दोघंही शाकाहारी.

मला काय नको ते मला नक्की ठाऊक आहे. २०१६ ला एका ग्रुपबरोबर शिमला-मनालीला गेलो होतो. पहाटे पाचला खोलीतला फोन वाजायचा, सहाला बॅगा दाराबाहेर, मग दिवसभर बस. मनालीला पोचलो तेव्हा माझे पाय सुजले होते आणि यांनी व्यास नदी बसच्या काचेतूनच बघितली. उतरून पाण्यात पाय घालावा एवढीही सवड मिळाली नाही. ते यांच्या तोंडून आजही निघतं.

तर आठ दिवस, २१ ते २८ मे. हवा गार, पाणी जवळ, हॉटेल खरोखर चांगलं, आणि उठायची घाई नाही. मनात काश्मीरची हाऊसबोट, स्वित्झर्लंड आणि मॉरिशस अशी तीन नावं आहेत. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगावं.

जावळीचा_वारा (सातारा)

ताई, एवढ्या लांब जायच्या आधी आपल्याकडचा विचार करा असं मी म्हणेन. पाचगणीच्या आसपास स्वतंत्र बंगले मिळतात, खासगी पूल असलेले, स्वयंपाकाला माणूस असलेले. पाच लाखांत तिथं आठ दिवस राजासारखे राहाल आणि निम्मे पैसे परत आणाल. सांगलीहून तीन-चार तासांत दारात.

पण मी इथलाच आहे म्हणून दुसरी बाजूही सांगतो. मेमध्ये शनिवार-रविवारी पसरणी घाटात गाड्या मुंगीसारख्या चालतात. तापोळा-बामणोलीला कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी मेअखेर खूप मागे गेलेलं असतं, काठाला चिखलाचे पट्टे उघडे पडतात, साहेबांना पोहायला ते काही खरं नाही. आणि वळिवाचा पाऊस आला की संध्याकाळी वीज जाते. गेलात तर सोमवार ते शुक्रवार जा.

निवांत_मिरज

काश्मीर आम्ही दोघांनी मागं मेमध्ये केलंय. हाऊसबोट घ्यायची असेल तर दलऐवजी निगीन तलावावर घ्या. दलवर शिकारे, विक्रेते, गाड्यांचे हॉर्न सगळं असतं. निगीनला सकाळी फक्त वल्ह्याचा आवाज येतो. आतलं अक्रोडाच्या लाकडाचं कोरीव काम बघत आम्ही एक अख्खी दुपार काढली. ट्यूलिपची बाग मेमध्ये बंद झालेली असते, ती आशा ठेवू नका. गुलमर्गला गोंडोलाचं, म्हणजे रोपवेचं, तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं. दुसरा टप्पा अफरवटला १३,००० फुटांच्या आसपास जातो, बीपी असलेल्यानं डॉक्टरांना विचारूनच जावं. पहिल्या टप्प्यावर उतरलं तरी समोर बर्फ दिसतो.

शाकाहारी जेवणाची अडचण आली नाही. राजमा, दम आलू, कमळाच्या देठाची नदरू म्हणून भाजी मिळते ती जरूर खा. मात्र तिथं जागा बघत हिंडावं लागतं. पहलगाम, सोनमर्ग, प्रत्येक ठिकाणी दोन-तीन तास गाडी.

हळदकुंकू (सांगली)

निगीनचं वाचून मन गेलं तिकडं. पण सासूबाई आहेत घरी, ८१ वर्षांच्या. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळ बैसरनला पर्यटकांवर जो हल्ला झाला त्यानंतर काश्मीरचं नाव काढलं तरी त्यांना झोप लागत नाही. त्यांना आठ दिवस काळजीत ठेवून मी तिथं सुखानं राहू शकणार नाही. पुढे कधीतरी नक्की.

जावळीच्या दादांना धन्यवाद. खरं सांगितलंत. पण महाबळेश्वरला गेलो तर हे तिसऱ्या दिवशी "जरा दुकानावर चक्कर टाकून येतो" म्हणतील. इतकं जवळ नको.

कराड_टू_कुठेही

स्वित्झर्लंड पाच लाखांत होतं, पण तुम्हाला हवंय तसं होत नाही. शेंगेन व्हिसाची फी एकेकाला ९० युरो, ३०,००० युरोंचा विमा लागतो, बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. मेच्या अपॉइंटमेंट लवकर भरतात. बॅगा स्टेशनवरून स्टेशनवर स्वतः ओढायच्या, गुडघ्याला ते जड जाईल. उंच घाटरस्ते मेअखेर बर्फामुळे बरेचदा बंदच असतात. सगळे जिथं बर्फ बघायला जातात ते युंगफ्राऊयोख ३,४५४ मीटरवर आहे, पुन्हा बीपीचा प्रश्न. लाउटरब्रुननचे धबधबे मात्र बर्फ वितळत असल्यानं त्याच दिवसांत भरलेले असतात, ते मी विसरणार नाही. पण तलावाचं पाणी मेमध्ये हाडं गोठवतं. पोहणाऱ्या माणसाला काठावर बसवून ठेवाल.

मळी_ते_साखर (वाळवा तालुका)

वहिनी, मॉरिशसवर लिहितो. ३१ वर्षं साखर कारखान्यात केमिस्ट होतो, निवृत्तीनंतर सौभाग्यवतींना घेऊन मेअखेरीस तिथं सात रात्री राहून आलो. तुमचं वर्णन वाचलं आणि वाटलं, हे तर मॉरिशसच.

पहिलं हवेचं. ते बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणून आपला मे म्हणजे त्यांच्या हिवाळ्याची सुरुवात. दिवसा पंचवीस-सव्वीस अंश, रात्री अंगावर पातळ शाल लागते. घाम नाही. समुद्र मात्र चांगला उबदार. दिवस लहान असतो हे ध्यानात ठेवा, पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो.

दुसरं, आणि हे कुणी सांगत नाही: किनारा कुठला घेता त्यावर सगळं आहे. त्या दिवसांत आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात. पूर्व किनाऱ्यावर हॉटेलं सुंदर आहेत, पण वारा सारखा अंगावर येतो आणि पाण्याला लाटा असतात. आम्ही पहिल्या दोन रात्री पूर्वेला होतो, हिला खुर्चीत बसून पुस्तकाचं पान धरता येईना. मग पश्चिमेला गेलो, फ्लिक-आँ-फ्लाक ते ल मोर्नच्या पट्ट्यात. तिथं डोंगराचा आडोसा आहे. पाणी ताटलीतल्यासारखं स्थिर. उत्तरेला त्रू-ओ-बिशही चांगलं. आणि सूर्यास्त पश्चिमेलाच दिसतो, रोज खोलीच्या दारातून.

दादांच्या पोहण्याचं सांगतो. बेटाभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाची भिंत आहे. मोठ्या लाटा तिच्यावर फुटतात आणि आतला भाग तळ्यासारखा शांत राहतो. कृष्णेत पोहणाऱ्या माणसाला तिथं तासन् तास पोहता येईल, पाणी खारं असल्यानं अंग आपोआप वर राहतं. दोन गोष्टी पाळायच्या. भिंतीतल्या फटींकडे, जिथून बोटी बाहेर जातात, तिकडं जायचं नाही, ओढ जबरदस्त असते. आणि पायात रबरी बूट घालायचे, कारण तळाशी समुद्री साळू असतात, काटा पायात मोडला तर आठवडा जातो. तुम्ही स्वतः कमरेएवढ्या पाण्यात निर्धास्त उभ्या राहाल, तळ स्वच्छ दिसतो.

जेवण. रस्त्याच्या कडेला ढॉलपुरी मिळते. डाळ भरलेली मऊ पोळी, आत डबल बीची रस्सा भाजी आणि चटणी, दोन-दोनच्या जोडीनं कागदात गुंडाळून देतात. आपल्या पुरणपोळीची तिखट बहीणच म्हणा. १८३४ पासून जे मजूर बिहारकडून, आपल्या कोकणातून नेले गेले, त्यांच्या घरातून आलेलं हे खाणं आहे. पोर्ट लुईला आप्रवासी घाट आहे, तिथं ते बोटीतून उतरायचे. सोळा दगडी पायऱ्या. हिनं त्या पायऱ्यांवर वाकून हात लावला, मीही लावला. मराठी घरं तिथं आजही आहेत आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते.

आणि ऊस! विमान उतरतानाच दिसतो. आम्ही गेलो तेव्हा तुरे आले होते, आपल्याकडं जे हिवाळ्यात दिसतं ते तिथं मेमध्ये. जमीन ज्वालामुखीची, म्हणून शेतातून वेचलेल्या काळ्या दगडांचे ढिगारे मध्येच उभे असतात. एवढे दगड हातानं उचलून कुणी ऊस लावला असेल, हा विचार माझ्या डोक्यातून आठ दिवस गेला नाही.

भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग जवळ ठेवा, प्रवासाआधी ऑनलाइन फॉर्म भरा. मुंबईहून विमानाला सहा तासांच्या आसपास लागतात.

निवांत_मिरज

सात दिवस एकाच किनाऱ्यावर कंटाळा नाही येत?

मळी_ते_साखर (वाळवा तालुका)

आम्हाला नाही आला. आठवड्यात फक्त दोनदा बाहेर पडलो. एकदा गंगा तलाव, डोंगरातलं खोलगट तळं आहे, काठावर शंकराची ३३ मीटर उंच मूर्ती. दुसऱ्यांदा शामारेलची सात रंगांची माती. दोन्ही वेळा हॉटेलची गाडी सकाळी दहाला निघाली, चारला परत. बाकी दिवस आम्ही बोलत बसलो. नोकरीच्या काळात गाळप हंगामात मी रात्रपाळीला असायचो, तेव्हा घरी काय काय झालं ते मला तिथं कळलं. मुलाला टायफॉइड झाला होता तेव्हा ही तीन रात्री एकटी जागली होती. मला तेव्हा सांगितलंच नव्हतं.

हळदकुंकू (सांगली)

काका, तुमचं उत्तर मी काल रात्री दोनदा वाचलं आणि आज सकाळी यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. पैशाचं गुपित त्यातच फुटलं. आधी बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पोती पुन्हा भरता आली असती, तेव्हाच जायला हवं होतं." मग लगेच विचारलं, त्या भिंतीच्या आतलं पाणी किती खोल असतं?

दोन शंका आहेत. जेवण हॉटेलात घ्यावं की बाहेर? आणि पॅकेज घ्यावं की सगळं वेगवेगळं?

मळी_ते_साखर (वाळवा तालुका)

बहुतेक जागी छाती-डोक्याएवढंच, ओहोटीला आणखी कमी. भरतीच्या वेळा हॉटेलात विचारून घ्यायच्या.

नाश्ता आणि रात्रीचं जेवण हॉटेलात, दुपारचं बाहेर, याला ते हाफ बोर्ड म्हणतात. तेच घ्या. रात्री अंधार लवकर पडतो, गाडी शोधत फिरायला नको. शाकाहारी आहोत हे बुकिंग करतानाच लिहून कळवा आणि मासळी चालत नाही असं वेगळं सांगा, बरेच लोक मासळीला मांसाहार समजत नाहीत.

परदेशी टूरचं पॅकेज घेतलं तर वर टीसीएस नावाचा आगाऊ कर घेतात, तो आयकर रिटर्नमध्ये वळता होतो, पण आत्ता हातातून जातो. मी तिकीट वेगळं काढलं आणि हॉटेलला थेट मेल केला. लग्नाचा वाढदिवस आहे असंही लिहिलं होतं. त्यांनी खोली वरच्या मजल्यावरची, समुद्राकडची दिली, जादा पैसे न घेता. मेअखेर त्यांचा गर्दीचा हंगाम नसतो, म्हणून मागून बघायला हरकत नाही. तळमजल्याची मागा वहिनी, तुमचा गुडघा आहे. दार उघडलं की वाळू.

आणि दोघांचे पासपोर्ट आज काढून तारीख बघा. परतल्यावरही सहा महिने मुदत उरलेली बरी.

हळदकुंकू (सांगली)

बघितले. माझा २०३१ पर्यंत आहे. यांचा येत्या ऑक्टोबरात संपतोय, म्हणजे परतल्यावर पाचच महिने उरतात. बरं झालं सांगितलंत. नूतनीकरणाचा अर्ज मुलीनं पुण्यातून आत्ताच भरला, सोमवारी कागद घेऊन जायचंय. सौदे आहेत, पण दुकानात भाऊजी बसणार आहेत.

पश्चिम किनारा, तळमजला, हाफ बोर्ड, सात रात्री एकाच हॉटेलात असं ठरलं. २८ तारीख तिथं मिळावी म्हणून एक दिवस पुढं सरकलो, २२ ला मुंबईहून निघून २९ ला परत. मुंबईपर्यंत महालक्ष्मी एक्सप्रेसनं जाऊ, रात्री सांगलीत बसलं की सकाळी मुंबई, आणि विमान दुसऱ्या दिवशीचं घेऊ म्हणजे धावपळ नाही. सासूबाईंजवळ नणंद येऊन राहणार आहे. मॉरिशसला गणपतीची सुट्टी असते हे ऐकून सासूबाईंनी लगेच होकार दिला, गणपतीच्या देवळातला अंगारा बरोबर द्यायचं म्हणतायत.

काका, रबरी बुटांचं तेवढं सांगा. ते इथं हरभट रोडला मिळतील का तिथंच घ्यावेत? यांचा नंबर नऊ आहे, माझा पाच. मीही घेणार आहे.