अनुभव धागा: कॉलेज कसं निवडलंत आणि मिळालं त्यात काय केलंत?

घाटावरची
मुलाची सीईटी झाली, पीसीएमला ९१ पर्सेंटाइल आलेत आणि घरात आता कॅप राउंडशिवाय (सरकारी केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या) दुसरा विषय नाही. ऑप्शन फॉर्ममध्ये तीनशेपर्यंत पर्याय टाकता येतात हे कळल्यापासून नवऱ्याने जे एक्सेल उघडलंय ते बंद व्हायचं नाव नाही. मागच्या वर्षीचा कटऑफ, होम युनिव्हर्सिटी (आपल्याच विद्यापीठाच्या हद्दीतल्यांच्या सीट), अदर दॅन होम (बाहेरच्यांच्या), सगळे रंगीत रकाने. दीर म्हणतात कॉम्प्युटर सोडून काही टाकूच नका, सासूबाई म्हणतात पुण्याला नको, पोरगं म्हणतं मला मेकॅनिकल आवडतं पण मित्र हसतात. माझे तर आकडे बघून डोळे गेले. तुम्ही कसं ठरवलंत, काय फसलं, नंतर कसं निभावलंत ते लिहा प्लीज. इंजिनियरिंगच पाहिजे असं नाही.

स्लाइडरूल
मी फ्लेक्स बघून फसलो. गेटवर हा मोठा बोर्ड, प्लेसमेंट झालेल्या मुलांचे फोटो. अ‍ॅडमिशन झाल्यावर निवांत बघितलं तर एकच चष्मेवाला पोरगा तीन कंपन्यांच्या नावाखाली तीन वेळा, म्हणजे त्याला तीन ऑफर आल्या आणि कॉलेजने तीन मुलं मोजली. लॅबमध्ये ऑसिलोस्कोप होते, पण नवे कोरे, प्लास्टिकच्या कव्हरसकट, आणि कपाटाला कुलूप. चावी लॅब असिस्टंट काकांकडे. ते डबा खायला एकटेच बसायचे, मी जाऊन बसायला लागलो, लोणचं वगैरे द्यायचो (लाच म्हणा हवं तर). सेकंड इयरच्या दुसऱ्या सेमपासून शनिवारी दुपारी लॅब उघडून द्यायचे. आज पोटापाण्याचं जे काही येतं ते त्या शनिवारांमधलं आहे, लेक्चरमधलं फार आठवत नाही. तर ताई, कॉलेज बघायला जाल तेव्हा ओपन डेला जाऊ नका, साध्या मंगळवारी दुपारी जा आणि लॅबच्या दाराशी उभ्या राहा.

विरार_फास्ट
बारावीनंतर हट्टाने साउथ बॉम्बेतलं नावाजलेलं कॉलेज घेतलं. सकाळी ५:४० ला घर सोडायचं, घरी यायला चार, आल्यावर झोप. तीन वर्षांत एकाही फेस्टिव्हलला थांबले नाही कारण शेवटी लेडीज डब्यात गर्दी किती असेल हाच विचार. कॉलेज चांगलंच होतं, मीच तिथे नव्हते. एवढंच.

डिप्लोमावाला
आमच्याकडे दहावीला ७८ टक्के म्हणजे "बारावी सायन्स झेपेल का" अशी चर्चा. मामांनी सरकारी तंत्रनिकेतनला घातलं, मेकॅनिकल डिप्लोमा. फी कमी, वर्कशॉप खरंखुरं, लेथवर जॉब बिघडला की सर पुन्हा करायला लावायचे. मग डायरेक्ट सेकंड इयरला डिग्रीला गेलो आणि तिथे एम-थ्री (तिसऱ्या सेमचं मॅथ्स) नावाचा राक्षस भेटला. बाकीच्यांचं फर्स्ट इयरचं मॅथ्स झालेलं, आमच्या डिप्लोमाच्या पोरांचं लाप्लास म्हणजे नुसतंच नाव ऐकलेलं. पहिल्या फटक्यात केटी. पण मशीन ड्रॉइंगच्या सबमिशनला अख्खी बारावीवाली गँग माझ्या रूमवर, मी त्यांना शीट शिकवायचो आणि ते मला मॅथ्स, दुसऱ्या अटेम्प्टला सुटलो. घाटावरची, मुलाला मेकॅनिकल आवडत असेल तर घेऊ द्या हो, हसणारे मित्र सेमिस्टरला पेपर द्यायला येणार नाहीत.

पावतीबुक
मी फीबद्दल लिहिते कारण यावर कोणी बोलत नाही. बाबांची रिक्षा आहे. माझं अ‍ॅडमिशन २०२४ च्या कॅपमधून झालं, त्याच जुलैमध्ये जीआर आला होता की ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ, आधी निम्मी होती. कॉलेजच्या काउंटरवर मात्र "आधी सगळी भरा, महाडीबीटीवरून आलं की परत देऊ" (महाडीबीटी म्हणजे शिष्यवृत्तीचं सरकारी पोर्टल). बाबा सोसायटीतून कर्ज काढायला निघाले होते. मी जीआरची प्रिंट काढली, त्या ओळीखाली पेनने रेघ मारली आणि पुन्हा त्याच खिडकीवर गेले. क्लार्क आत गेला, वीस मिनिटांनी आला आणि म्हणाला, "डेव्हलपमेंट फी तेवढी भरा." मुलगा असेल तर टीएफडब्ल्यूएस टाकायला विसरू नका, प्रत्येक कोर्सला ५ टक्के जास्तीच्या सीट असतात त्या, ट्यूशन फी लागत नाही, पण कटऑफ चढा असतो. आणि शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साइटवर त्या कॉलेजची मंजूर फी बघून जा, खिडकीवर आकडा ऐकून दचकायला होत नाही. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर ही माफी नाही, हेही आधीच कळलेलं बरं.

घाटावरची
पावतीबुक, खूप थँक्यू, नवऱ्याने लगेच एक्सेलमध्ये अजून एक रकाना काढला :) स्लाइडरूल, मंगळवारी खरंच जाणार आहोत.

तिसरी_घंटा
मी कॉलेज निवडलं ते पुरुषोत्तमसाठी, खोटं कशाला बोलू. १९६३ पासून ही एकांकिका स्पर्धा चाललीय, आणि भरत नाट्य मंदिरात "आव्वाज कुणाचा" अकरावीत पहिल्यांदा ऐकला तेव्हाच ठरवलं की ज्यांचा आवाज सगळ्यात मोठा तिथे जायचं. घरी सांगितलं बीएस्सी स्टॅटिस्टिक्स चांगलं आहे तिथलं (ते होतंही, मला नंतर कळलं). पहिल्या वर्षी मला स्टेजवर घेतलंच नाही, दीड महिना मी फक्त एक दार धरून उभा होतो, बॅकस्टेजला, कारण सेटमधलं ते दार आपोआप उघडायचं. अटेंडन्स गेली, डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव. स्टॅट्सच्या मॅडमनी बोलावलं, मला वाटलं आता संपलं. त्या म्हणाल्या, तालीम कितीला संपते? आठला? मग सकाळी साडेसातला ये. अख्खं प्रॉबॅबिलिटी त्यांनी आम्हा तिघांना सकाळी स्टाफरूममध्ये शिकवलं, रिकाम्या पोटी. करंडक काही आम्हाला मिळाला नाही. अशा मॅडम आहेत का हे कुठल्या रँकिंगमध्ये लिहिलेलं नसतं, सीनियर पोरांना टपरीवर चहा पाजून विचारावं लागतं.

कोरडवाहू
"शेतीच करायची तर चार वर्षं शिकायचं कशाला", हे आमच्या आज्याचं वाक्य. परभणीला कृषी महाविद्यालयात गेलो. माझ्या बॅचमधले निम्मे पहिल्या दिवसापासून एमपीएससीची पुस्तकं उघडून बसलेले, मीही बसलो, खोटं नाही. पण शेवटच्या वर्षी गावात राहायला पाठवतात, ग्रामीण कार्यानुभव. जूनच्या तोंडावर एका मावशींनी घरचंच सोयाबीन बियाणं म्हणून ठेवलेलं. आम्ही ओल्या गोणपाटावर दहाच्या दहा ओळी मांडल्या, शंभर दाणे, गुंडाळून ठेवलं, पाणी शिंपडत राहिलो. उघडलं तेव्हा बावन्न उगवलेले. सत्तरच्या खाली म्हणजे नेहमीच्या मापाने पेरायचं नाही. मावशींनी स्वतः पुन्हा मोजले, बोट लावून, आणि नवऱ्याला हाक मारली. पुस्तकात ही चाचणी मी दोनदा पाठ केली होती, गोणपाट कधी हातात घेतलं नव्हतं. कृषीला जाणाऱ्यांनी कॉलेजचा फार्म किती एकर आहे ते विचारण्याऐवजी मुलांना त्यावर किती दिवस नेतात ते विचारा.

पॅसिफिककडून
आम्ही कॅलिफोर्नियात असतो. मुलीने कम्युनिटी कॉलेज (दोन वर्षांचं स्थानिक कॉलेज) घेतलं तेव्हा इथल्या मराठी मंडळात लोक असे बघायचे की बिचारीचं काहीतरी बिनसलंय. दोन वर्षं तिथे, मग ट्रान्सफर गॅरंटीमधून यूसी डेव्हिस (यूसी म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया). पदवी देणाऱ्या नऊपैकी सहा यूसींना अशी गॅरंटी आहे, बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगोला नाही. फीचे पैसे वाचले तो भाग वेगळा, वर्गात तीसच मुलं, त्यामुळे प्रोफेसर तिला नावाने ओळखायचे.

घाटावरची
मंगळवारी जाऊन आलो. दोन कॉलेजं बघितली. पहिल्यात लॅबला कुलूप, शिपाई म्हणाला सर मीटिंगला गेलेत. दुसरं यादीत चौदावं होतं, तिथे वर्कशॉपमध्ये तीन पोरं कसलीतरी चेसिस वेल्ड करत होती, दुपारी तीनला, हातमोजे काळेकुट्ट. आमचे चिरंजीव तिथेच थांबले, हाक मारली तरी येईनात. शेवटी एकाने त्याला चष्मा दिला आणि म्हणाला, "बघ, पण लांबून." चौदावं आता दुसऱ्यावर आणलंय, नवरा अजून धुसफुसतोय. हॉस्टेल मात्र बघायचं राहिलं.

डिप्लोमावाला
हॉस्टेलला उन्हाळ्यात पाणी किती वाजेपर्यंत असतं, ते आधी विचारा.