पिल्लांच्या घशात पिवळा थर, औषध सुचवा (होमर कबुतरं, रत्नागिरी)

किनाऱ्यावरची ढाबळ:
माळ्यावर ढाबळ आहे, २२ होमर (लांबून सोडली तरी घरी परतणारी कबुतरं). पाऊस लागल्यापासून दोन घरट्यांतली पिल्लं आठ-नऊ दिवसांची झाली की मान टाकतात. चोच उघडली तर घशात पिवळट थर, पनीरच्या चुऱ्यासारखा, घाण वास. काल एक गेलं. आईबाप मात्र ठणठणीत, रोज उडतायत. माणसांची मेट्रोनिडॅझोलची गोळी पाण्यात विरघळवून देऊ का?

दापोलीचा होमरवाला:
भाऊ, बहुतेक कँकर. ट्रायकोमोनास गॅलिनी नावाचा एकपेशीय परजीवी. ठणठणीत दिसणारे आईबापच तो बाळगून असतात, आणि भरवताना कबुतरदुधातून (आईबापांच्या गळ्यातल्या पिशवीत तयार होणारं पिल्लांचं अन्न) तो पिल्लांत उतरतो. नर-मादी दोघंही भरवतात, म्हणून एकट्या मादीला औषध देऊन भागत नाही.
हात जोडून सांगतो, तो थर काडीने खरवडू नका. मी एकदा खरवडला. रक्त थांबेना, पिल्लू हातातच गेलं. अजून डोळ्यांसमोर आहे.

कुडाळकडचा:
गोळी अंदाजाने नकोच. कबुतरांची देवी (विषाणूचा रोग) आली तरी घशात असा थर धरतो, आणि पावसाळ्यात आपल्याकडे डास किती ते सांगायला नको. देवी मुख्यतः त्यांच्यामुळे पसरते. तिच्यावर मेट्रोनिडॅझोल चालत नाही.
तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी फोन करून सूक्ष्मदर्शक आहे का विचारा. मग जिवंत पक्षीच न्या, आजारी पिल्लू आणि त्याचे आईबाप. नमुना बाटलीतून पाठवला तर वाटेत थंड पडून जंतू हलायचा थांबतो, मग तो ओळखू येत नाही. घशातला ओला नमुना कोमट सलाईनच्या थेंबात लगेच बघितला तर वळवळताना दिसतो.

किनाऱ्यावरची ढाबळ:
सगळ्यांना पाण्याची एकच परात आहे. ती बदलू का?

दापोलीचा होमरवाला:
हो, मोठ्यांत तो पाण्यातूनही फिरतो. पण त्याला कवच नसतं, सुकला की मरतो. दोन भांडी ठेवा, एक वापरात, दुसरं घासून कोरडं खडखडीत. ऊन नसेल तर चुलीशेजारी वाळवा.
कँकर निघाला तर डॉक्टर सांगतील त्या मात्रेत सगळ्या ढाबळीला एकदम औषध, सांगितलेले सगळे दिवस. त्या दिवसांत आंघोळीचं पाणी ठेवू नका, पक्षी तेच पितात आणि औषधाचं पाणी राहतं. अर्धवट डोस दिले की जंतू औषधाला दाद देईनासा होतो.

किनाऱ्यावरची ढाबळ:
फोन केला, सूक्ष्मदर्शक आहे. उद्या सकाळी तिघांना टोपलीतून नेतो. परात आत्ताच काढली.