नूरवर भाषण, मग चिमूरवर का नाही?

वरोरेकर:
भाची नववीत आहे. १५ ऑगस्टच्या भाषणाला विषय आलाय, 'युद्धकाळातल्या शूर स्त्रिया'. तिनं निवडली नूर इनायत खान. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमधून ब्रिटिशांसाठी वायरलेसवर गुप्त संदेश पाठवणारी, १९४४ मध्ये दाखाऊच्या छळछावणीत गोळी घातलेली. बाई शूर होती, वाद नाही. पण ती ज्या ब्रिटिश सरकारसाठी लढली, त्याच सरकारच्या शिपायांनी १९४२ मध्ये आमच्या शेजारच्या, चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमुरात बायांवर अत्याचार केले. आमच्या गावात उभं राहून हे भाषण द्यायचं? मला पटत नाही.

शेवंता:
नूर नाझींविरुद्ध लढत होती, चिमूरविरुद्ध नाही. टिपू सुलतानाच्या घराण्यातली पोरगी, हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याच्या बाजूनं बोलायची. १९४३ मध्ये सोबतचे एकेक पकडले गेले, लंडननं परत बोलावलं, तरी ती गेली नाही. सूटकेसएवढा सेट घेऊन घरं बदलत राहिली. एका जागेवरून जास्त वेळ बोललं की जर्मन गाड्या माग काढत. असं एकटीनं तीन-साडेतीन महिने काढून दाखवा.

पऱ्हाटी:
अन् पाठवलेले संदेश वहीत लिहून ठेवले, ते कोन सांगन? वही जर्मनांच्या हाती लागली, मंग तिच्याच सेटवरून लंडनले फसवलं. हुशारीत कच्ची होती, बाप्पा.

शेवंता:
चूक झालीच. पण चुकणारा माणूस शूर नसतो असं कुठंय? कैदेत तिनं काही सांगितलं नाही, दोनदा पळायचा प्रयत्न केला.

वरोरेकर:
मान्य. माझी तक्रार तिच्यावर नाहीच, आपल्या विसरण्यावर आहे. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. 'चले जाव'च्या आंदोलनात चिमूर पेटलं, मग फौज आली. आमची आजी चिमूरजवळच्या खेड्यातली. सांगायची, गडी काही तुरुंगात, काही जंगलात, घरात उरल्या बाया. म्हातारपणीही दारात जीप थांबली की हातातलं काम टाकून आधी कडी लावायची. काय पाहिलं ते कधी बोलली नाही.

झाडीपट्टी:
तुमच्या आजीचं न बोलणं समजतं. पण चिमूरच्या काही बाया बोलल्या, हे का सांगत नाही? नागपूरहून माणसं आली तेव्हा त्यांनी स्वतःवर काय झालं ते सांगितलं. १९४२ मध्ये, खेड्यात, बाईनं! चौकशीसाठी गांधीजींचे सहकारी भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केलं, ते या बोलण्याच्या आधारावर. पुढं चिमूरच्या उठावात फाशीची शिक्षा झालेल्यांसाठी नागपूरच्या काँग्रेस नेत्या अनसूयाबाई काळे धावल्या. मला विचाराल तर वायरलेसपेक्षा ती साक्ष अवघड. वायरलेसवाली निदान खोटं नाव घेऊ शकत होती.

शेवंता:
याच्याशी मात्र भांडत नाही. पण नूरला काढून टाकू नका.

पऱ्हाटी:
वेळ किती हाय पोरीले?

वरोरेकर:
चार मिनिटं.

पऱ्हाटी:
मंग नूर दीड मिनिट, बाकी चिमूर. अन् वहीचं राहू द्या, पोट्टे हसतीन.